बँजो: नखाच्या आघाताचा इतिहास
बँजो म्हटले की अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतील गोरा वादक डोळ्यांसमोर येतो. वाद्य मात्र गुलाम करून आणलेल्या आफ्रिकींचे; स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जेफरसननेही तसे नोंदवले आहे. ‘क्लॉहॅमर’ शैलीत तार वर ओढत नाहीत. तर्जनीचे वा मधल्या बोटाचे नख तारेवर वरून आपटते, पाठोपाठ अंगठा आखूड तार छेडतो. सेनेगल-गांबियातील जोला लोकांच्या भोपळ्याच्या, तीनतारी ‘अकोंटिंग’वर हात असाच चालतो. १८५५ साली बोस्टनमध्ये निघालेल्या ब्रिग्जच्या शिक्षणपुस्तिकेत हीच पद्धत आहे. ब्रिग्ज हा तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या कलावंतांपैकी एक. पुस्तिका छापली गेली तेव्हा दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय वादक गुलामच होते. गुलामगिरी देशभर रद्द झाली १८६५ साली.