परराष्ट्र धोरण कागलपासून किती लांब?

इतिहासाचे सर रजेवर होते, म्हणून नववीचा त्यांचा तास मी घेतला. धडा भारताच्या परराष्ट्र धोरणाचा. राष्ट्रीय हितसंबंध, अर्थव्यवस्था, संस्कृती असे मुद्दे फळ्यावर लिहून झाले, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील कागल पंचतारांकित एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात कामाला. म्हणाला, "सर, अब्बांची रात्रपाळी बंद झाली. अमेरिकेनं टॅक्स वाढवलाय म्हणे. आपण अमेरिकेचं काय बिघडवलंय?"

पुस्तकात याचे उत्तर नव्हते. पण प्रश्न अगदी धड्यातलाच होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के शुल्क लावले. मग भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के वाढवले. स्वस्त तेल घेणे यात आपल्या देशाचे हित होते. रशियाची कोंडी करण्यात आणि आपल्या अटी मान्य करून घेण्यात अमेरिकेला आपले हित दिसत होते. या दोन हितांच्या ओढाताणीत कागलची एक पाळी बंद झाली.

हे नवीन नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला एक पत्र पाठवले. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त होते. घाटावरचे व्यापारी तिकडे वळले तर स्वराज्यातल्या मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही, हे महाराजांनी ओळखले. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल अशी व्यवस्था करायला त्यांनी सांगितले. आज याला आपण टॅरिफ म्हणतो. फरक एवढाच, की तेव्हा जकात लावणारे आपण होतो.

आता संस्कृतीकडे येऊ. परराष्ट्र धोरणातली संस्कृती म्हणजे धर्म, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. १६७७ साल बघा. महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, गेले आणि अबुल हसन कुतुबशहाशी त्यांनी तह केला. कुतुबशहाने कर्नाटकच्या स्वारीसाठी पैसा आणि तोफखाना दिला. त्याच सुमारास महाराजांनी मुधोळच्या मालोजी घोरपडे यांना पत्र लिहिले. मालोजींचे वडील बाजी घोरपडे महाराजांच्याच हल्ल्यात मारले गेले होते. तरी जुने वैर विसरून एक व्हा, असा त्या पत्राचा रोख होता. विजापूर बहलोलखान पठाणाच्या हातात गेले आहे आणि दक्षिणेची सत्ता दक्षिण्यांच्याच हाती राहिली पाहिजे, हा त्यातला मुद्दा.

बहलोलखान मुसलमान होता आणि ज्याच्याशी तह केला तो कुतुबशहाही मुसलमानच. इकडे मिर्झाराजे जयसिंग हिंदू असून औरंगजेबाच्या बाजूने लढायला आले होते. महाराजांनी हाक दिली ती दक्षिणी असण्याला. एक मुलूख आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सोबत, ही ती संस्कृती. आपली दखनी बोली याच सोबतीतून जन्मली.

तिसरा मुद्दा राष्ट्रीय हिताचा, आणि तो आपल्या कोल्हापूरचाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या आज्ञेने 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात व्यापाऱ्यांना मान द्यावा, परमुलखातले व्यापारीही आणून वसवावेत, असे सांगितले आहे. पण टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, वेगळा इशारा आहे. या लोकांच्या मागे त्यांचे राजे आहेत, त्यांना मुलूख आणि आपला धर्म वाढवायचा आहे, त्यांचे बळ समुद्रावर आहे. म्हणून व्यापार करू द्यावा, पण वखारीला किनाऱ्यावर जागा देऊ नये. द्यायचीच तर आत, सखल जागी द्यावी आणि पक्के बांधकाम करू देऊ नये. इंग्रजांनी पुढे काय केले ते आपण जाणतोच. अमात्यांना ते आधीच दिसले होते.

कागलच्या वसाहतीत आज चित्र उलटे आहे. परदेशी भांडवल यावे म्हणून आपणच जागा देतो. इथे रेमंडने इटलीच्या झांबाइती समूहाबरोबर भागीदारीत कारखाना काढला. तुर्कस्तानच्या सोकताश कंपनीनेही कापडाचा कारखाना उभारला. पुढे २०१९ मध्ये तो बिर्ला समूहाच्या ग्रासिमने घेतला. तुर्की कंपनी आपला धर्म बघून कागलला आली नव्हती, नफा बघून आली होती. यूएईनेही २०२२ मध्ये भारताशी व्यापार करार केला तो दोन्हीकडचा फायदा बघूनच.

हे आपण मुसलमानांनी विशेष समजून घ्यायला हवे. दुसऱ्या एखाद्या मुस्लिम देशाचे भारताशी वाजले, की त्याचा जाब इथे कोणीतरी आपल्या मुलांना विचारतो. आपल्यातलेही काहीजण त्या देशाला उगाच आपला वाली समजतात. दोघांचीही चूक एकच आहे. प्रत्येक देश आपले हित बघतो, आणि आपले हित या देशाच्या हिताबरोबर आहे. रात्रपाळी बंद झाली तेव्हा रमजान अब्बाची गेली तशी शेजारच्या पाटलांचीही गेली.

त्या मुलाला मी म्हणालो, "तुझ्या अब्बांनी कोणाचं काही बिघडवलेलं नाही. पण दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये काय ठरतं ते वाचत जा. ते तुमच्या घरापर्यंत येतं."

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला.