दीक्षितपुऱ्याचा धूर

डिसेंबर १९३८, दिवेलागण. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या गल्लीत पाऊल टाकताच तुमचे डोळे चुरचुरू लागतात. दोन्ही बाजूंच्या घरांत चुली पेटल्या आहेत आणि धूर कौलांच्या उंचीवर आडवा पसरून राहिलाय. थंडीत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवाही निवते आणि वर मात्र दिवसाची ऊब शिल्लक असते. गार हवा जड. ती वर चढत नाही आणि धुरालाही वर सोडत नाही. उद्या ऊन तापेपर्यंत ही गल्ली स्वतःचाच धूर ओढत बसणार.

तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा एखाद्या मराठी घरात खुशाल शिरा. १७९८ ते १८१७ जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. तेव्हापासून इथे मराठी बोलणारी घरं आहेत. ओसरीवर पुरुषांची चर्चा त्रिपुरीच्या काँग्रेस अधिवेशनाची चाललीय, ते येत्या मार्चमध्ये शहराजवळच भरायचंय. तुमचं काम मात्र आत, स्वयंपाकघरात आहे.

"अगं, ओली लाकडं कशाला घातलीस? सगळा धूर धूर केलास."

"टालावरूनच अशी आलीत, सासूबाई."

खोलीभर पांढरा, जाड धूर. सूनबाई फुंकणी घेऊन वाकते, दोन-चार दमदार फुंकरी मारते आणि भडका उठतो. आता नीट बघा, धुराचा रंग पालटलाय. मघाचा पांढरा धूर म्हणजे धुमसत्या लाकडातून निघालेले डांबरट वायू गार होऊन झालेले बारीक थेंब. बाहेर पडले की ते बरंचसं ऊन माघारी परतवतात, म्हणजे गारवाच आणतात. ज्वाळेतून निघणारा धूर वेगळा. ज्वाळेच्या पोटात पुरेशी हवा पोचत नाही, तिथे लाकडाचे वायू तुटतात, कार्बनचे अणू कड्यांसारखे एकमेकांत गुंफतात, त्यांचे गोळे होतात आणि गोळ्यांच्या साखळ्या. एकेक गोळा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या काही पटींएवढा. ही काजळी. ती ऊन परतवत नाही, गिळते आणि तापून भोवतालची हवा तापवते. एक ग्रॅम ताजी काजळी हवेत पसरली तर सुमारे साडेसात चौरस मीटरवर पडणारा प्रकाश अडवते. तुम्ही उभे आहात त्या स्वयंपाकघराच्या जमिनीएवढी जागा झाली ती.

काजळी किती चिवट असते हे या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याच्या बुडाला त्या ओल्या मातीचा लेप देतात. मग काळं लेपावर बसतं आणि घासताना लेपासकट निघून जातं. वाशांना मात्र कुणी लेप देत नाही. ते आजोबांच्या काळापासून काळे आहेत.

पण या घरात अपराधी एकटी चूल नव्हे. कोनाड्यात बघा, पत्र्याची बिनकाचेची चिमणी मिणमिणतेय. तिचा तो पिवळा उजेडच मुळी ज्वाळेतल्या तापलेल्या काजळीचा आहे. वातीपाशी ती लालपिवळी होऊन चमकते आणि टोकाशी न जळता निसटते. अशा चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्क्यांची निव्वळ काजळी होते. हे मोजून सिद्ध व्हायला २०१२ साल उजाडलं. लाकडाच्या चुलीचं प्रमाण याच्या जवळपासही येत नाही. अभ्यासकांची नजर वर्षानुवर्षं चुलीवर खिळली आणि कोनाड्यातला हा चिमुकला दिवा हिशेबातून सुटला. मला यात आश्चर्य वाटत नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंची मोजदाद नेहमीच उशिरा होते.

याच १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या इंजिनिअरने रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध वाचला होता: कोळसा जाळून हवेत वाढणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतोय. जमलेल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. धुरातल्या काळ्या कणांचा हिशेब तर त्याच्याही टिपणात नव्हता.

आता मागे चला, मार्च १८७०. कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे येणारी लोखंडी सडक जबलपुरात १८६७ सालीच पोचलीय. आज मुंबईची जीआयपी रेल्वे इथे येऊन तिला जोडली जातेय. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आलेत, स्टेशनावर पताका आहेत. इंजिनाच्या धुरांड्यातून काळा लोट निघतो, बघ्यांच्या पांढऱ्या अंगरख्यांवर काळे ठिपके पडतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. तिकडे नरसिंहपूर जिल्ह्यात मोहपाणीला कोळशाची खाण सुरू होऊन काही वर्षं झालीत. तो कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना.

त्या लोटाचं पुढे काय होतं? काजळी सुरुवातीला तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. दिवस-दोन दिवसांत तिच्यावर गंधकाच्या आणि इतर वायूंचं पुट चढतं. त्या पुटामुळे तिच्याकडे जास्त प्रकाश वळतो, म्हणजे ती आणखी तापते. पण त्याच पुटामुळे पाणीही तिला धरतं आणि ती पावसाबरोबर खाली येते. साधारण आठवडाभराचं आयुष्य, कोरड्या हिवाळ्यात थोडं जास्त. मार्च १८७० ची काजळी एप्रिलपर्यंत मातीत गेली असणार. त्याच कोळशातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र समुद्रांनी आणि झाडांनी बराचसा शोषूनही पुरता संपलेला नाही; त्याचा काही हिस्सा तुम्ही आज वाचताय तेव्हाही हवेत आहे. एकाच धुरांड्यातून निघालेल्या दोन गोष्टींच्या वयात हे एवढं अंतर.

पुढचा थांबा एप्रिल १९८५, त्याच गल्लीतली गच्ची. कुरडया वाळत घातल्या आहेत, कावळ्यांवर नजर ठेवायला एक पोरगं बसवलंय. ऊन रणरणतंय, त्यात काही कमी झालंय असं तुम्हाला बिलकूल वाटणार नाही. पण कमी होतंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पद्मा कुमारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या १२ केंद्रांच्या १९८१ ते २००४ या काळातल्या नोंदी तपासल्या. जमिनीवर पोचणारं ऊन दर चौरस मीटरमागे वर्षाला सरासरी ०.८६ वॅटने घटत होतं. वर काळ्या-पांढऱ्या कणांचं झाकण जमत होतं. पांढरे कण ऊन परत धाडत होते, काळे मधल्यामध्ये खात होते. जमीन थोडी कमी तापली, पण ऊन गिळणारा थर तापला.

कुरडया तरीही वाळल्या. पावसाचं गणित मात्र बिघडलं. उन्हाळ्यात जमीन समुद्राहून जास्त तापते, म्हणून मोसमी वारे आत ओढले जातात. जमिनीचं ऊन कापलं की ही ओढ सैल पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आणि उत्तर भारतातला पाऊस घटला, त्याचा मोठा दोष बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात माणसाने हवेत सोडलेल्या कणांवर ठेवला. धूर गल्लीचा होता, पण पाऊस सगळ्या नर्मदाखोऱ्याचा.

हा धूर नक्की कुणाचा, याचा तपास करायला जबलपूर सोडून सिंहगडावर जावं लागतं. वर्ष २००६, हिवाळा. गडावर हवा खेचणारं यंत्र फिल्टरवर कण जमवतंय. असंच यंत्र मालदीवच्या बेटावरही आहे, कारण थंडीत भारताचा धूर वाऱ्याबरोबर समुद्रावर उतरतो. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत व्ही. रामनाथन आणि त्यांच्या साथीदारांनी तो तपकिरी थर हिंदी महासागरावर विमानांतून मोजला होता. सिंहगडावरच्या कणांत शोध आहे तो किरणोत्सर्गी कार्बन-१४ चा. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. काल-परवापर्यंत जिवंत असलेल्या बाभळीत तो असतो, मोहपाणीच्या कोळशात किंवा डिझेलात त्याचा मागमूस नसतो. म्हणजे काजळीच्या कणाला त्याचं वय विचारता येतं. स्टॉकहोमच्या ऑर्यान गुस्ताफसन यांच्या गटाने २००९ मध्ये उत्तर जाहीर केलं: धुरातल्या काजळीपैकी निम्मी ते दोन तृतीयांश लाकूड, गोवऱ्या आणि काडीकचरा जाळल्याची.

हा निकाल सोयीचा होता, आणि म्हणूनच जपून वापरायला हवा होता. गरिबाच्या चुलीवर बोट ठेवलं की मोटारींच्या आणि वीजकेंद्रांच्या मालकांना हायसं वाटतं. २०१३ साली टॅमी बाँड आणि सहकाऱ्यांनी काजळीचा तापवण्याचा जोर दर चौरस मीटरला १.१ वॅट धरला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल दुसरा क्रमांक. काजळी आठवड्यात खाली येते, तेव्हा ती थांबवली की लगेच दिलासा मिळेल, असा हिशेब मांडला गेला. पुढे ढगांचा अभ्यास वाढला. तापलेली काजळी आजूबाजूच्या ढगांचं स्वरूप बदलते आणि तिच्या तापवण्यातला बराच भाग तिथेच फिटतो. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात तिचा आकडा ०.११ वर आला, तोही मोठ्या अनिश्चिततेसह. तो शून्याखालीही असू शकतो. त्याच अहवालात सगळ्या कणांचा एकत्रित परिणाम उणे १.१ आहे, म्हणजे गारवा, आणि कार्बन डायऑक्साइडचा अधिक २.१६.

आता आजच्या दीक्षितपुऱ्यात या. गरीब घरांना गॅस देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, वाहनांचं स्वच्छ बीएस-६ इंधन १ एप्रिल २०२० पासून देशभर आलं. घराघरांत गॅस आहे, चिमणी अडगळीत गेली, तरी सकाळी चहाच्या टपरीवर कोळशाची सिगडी दिसते आणि थंडीत कोपऱ्यावर कचरा पेटवून शेकणारे दिसतात. काळं कमी झालं, हे चांगलंच झालं. हवा स्वच्छ झाली की पांढऱ्या कणांनी आजवर धरून ठेवलेली सावलीही जाणार आणि आतापर्यंत झाकलेली उष्णता उघडी पडणार, हेही तितकंच खरं. म्हणून कुणी धूर राखून ठेवा म्हणत असेल, तर त्याला एक संध्याकाळ १९३८ च्या त्या स्वयंपाकघरात बसवावं.

काजळी हटवायची ती फुंकणी घेऊन वाकणाऱ्या बाईच्या फुप्फुसांसाठी, पावसासाठी, काजळीमुळे काळवंडून लवकर वितळणाऱ्या हिमालयातल्या बर्फासाठी. चुली विझल्या, आता तापमानाचं बघून घेऊ, असं कुणी सांगितलं तर त्याला कार्बन डायऑक्साइडचा २.१६ हा आकडा दाखवा. कोळसा आणि तेल जळतंय तोवर तो वाढतच राहणार.