तिकिटापूर्वीच्या पत्रांवरील शिक्के

पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद मुलांना असतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण तिकीट निघण्यापूर्वीची जुनी विलायती पत्रे जमविणारीही काही मंडळी असतात. त्या पत्रांवर चित्र नाही की रंग नाही. दोन-चार शिक्के आणि शाईचे फराटे. त्यांत पाहण्याजोगे काय, असे मलाही पूर्वी वाटे.

१६६१ साली हेन्री बिशप हा इंग्लंडचा टपालप्रमुख होता. पत्रे वाटेत रखडतात अशी लोकांची ओरड होती. त्याने एक लहानसा गोल शिक्का करविला. अर्ध्यात महिना, अर्ध्यात तारीख. वर्ष नाहीच! पत्र कचेरीत कधी आले एवढे दिसले, की ते कोणाला दडपून ठेवता येईना. टपालाच्या तारखेचा जन्म असा अविश्वासातून झाला. पुढे १६८० मध्ये विल्यम डॉक्रा याने लंडनपुरते पेनीचे टपाल काढले. त्याच्या त्रिकोणी शिक्क्यावर पैसे भरल्याची नोंद, आणि दुसऱ्या शिक्क्यावर चक्क वेळ! सरकारी मक्त्यास बाध येतो म्हणून दोनच वर्षांत ते त्याच्याकडून काढून घेतले. योजना मात्र सरकारने स्वतः चालू ठेवली, हे ओघानेच आले.

गावोगावच्या पत्रांचा दर निराळा. तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानेच द्यायचे. लिफाफा हा दुसरा कागद धरला जाई; म्हणून पत्राचीच घडी करून लाखेने चिकटवीत. कागद भरला, की तो आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. काटकसर बायकांना शिकवावी लागत नाही! १८३० च्या सुमारास लंडनहून एडिंबरोस एका कागदाला एक शिलिंग दीड पेनी पडे. त्यांतली अर्धी पेनी स्कॉटलंडची. १८१३ पासून तेथे टपालगाड्यांना रस्त्यावरचा टोल लागू झाला, तो पत्रांवर बसविला. त्या अर्ध्या पेनीचा वेगळा शिक्काच असे.

कवी कोलरिज यांची एक गोष्ट सांगतात. एका झोपडीच्या दारी पत्र आले. बाईने ते उलटसुलट पाहून परत केले. शिलिंग देण्याची ऐपत नाही म्हणाली. कोलरिज यांनी दया येऊन पैसे भरले. टपालवाला गेल्यावर तिने पत्र उघडून दाखविले. आत कोरा कागद! भाऊ खुशाल असला की असा कोरा कागद पाठवी. तो पाहून परत करायचा, एवढेच ठरलेले.

रोलंड हिलच्या खटपटीने १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, आणि मे महिन्यात काळे तिकीट निघाले.

जुने शिक्के कापून वहीत चिकटविण्याची चाल पूर्वी होती. त्यात पत्ता, दर, घडी सारेच जाई; आज संग्राहक अख्खे पत्र शोधतात. आमच्याकडे मामंजींच्या पत्रांवरची तिकिटे मुलांनी कापली, तेव्हा कात्री मीच काढून दिली होती.