थळ घाटाचा लोहमार्ग: डोंगरातला आणि पडद्यावरचा

रेल्वे सिम्युलेटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांत खेळणाऱ्याला इंजिनाच्या खोलीत बसवून गाडी हाकायला लावतात, आणि ज्या मार्गावरून ती गाडी धावते त्या मार्गाच्या संगणकातील प्रतिकृतीला खेळाच्या परिभाषेत ‘रूट’ म्हणतात. जपानमध्ये 1990 च्या दशकात हा प्रकार रुजला आणि 2001 साली मायक्रोसॉफ्टने आपला ट्रेन सिम्युलेटर बाजारात आणल्यावर तो जगभर पसरला. त्या खेळात इंग्लंडमधील सेटल ते कार्लाइल, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक ते सांक्ट आन्टोन आणि जपानच्या क्यूशू बेटावरील हिसात्सु अशा सहा मार्गांचा समावेश होता, आणि मार्ग रचण्याची साधनेही खेळाबरोबरच दिलेली असल्यामुळे निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळी आपापल्या मुलखातील मार्ग त्यात उभे करू लागली. अशा कामात प्रत्येक चढ, प्रत्येक वळण आणि प्रत्येक सिग्नल यांची जागा ठरवावी लागते. त्यामुळे रचणाऱ्याला मूळ मार्ग ज्यांनी आखला त्यांच्या निर्णयांचा माग काढणे भाग पडते. नेदरलँड्सचा एखादा नवा मार्ग आणि नाशिक जिल्ह्याच्या तोंडाशी असलेला कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा मार्ग शेजारी ठेवून पाहिले, तर हे काम भूगोलापेक्षा इतिहासाचे कसे ठरते हे चांगले दिसते.

नेदरलँड्समधील पहिली आगगाडी 20 सप्टेंबर 1839 रोजी ॲमस्टरडॅम ते हार्लेम अशी धावली. तो मार्ग 1945 मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे भारतातील 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजपेक्षाही रुंद होता, आणि शेजारी देशांच्या रुळांशी जुळवून घेण्यासाठी 1866 पर्यंत तो 1435 मिलिमीटरवर आणण्यात आला. पुढच्या काळात त्या देशात रेल्वेचे जाळे दाट विणले गेले. पण जमीन सपाट, काही ठिकाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली असल्यामुळे तेथील अभियंत्यांची झुंज चढाशी नव्हती, ती पाण्याशी, मऊ मातीशी आणि नद्यांवरील पुलांशी होती. गौडा ते रॉटरडॅम हा मार्ग ज्या खोलगट भूभागातून जातो, तेथील सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीच्या साडेसहा मीटरहूनही अधिक खाली आहे. अशा मार्गावर खेळणाऱ्याचे कसब लागते ते वेळापत्रकात, कारण मुख्य मार्गांवर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने गाड्या सुटत असताना एका गाडीचा उशीर पाठोपाठच्या गाड्यांना भोवतो. चढ चढण्याची ताकद आणि उतारावर गाडी रोखून धरण्याची कला या दोन गोष्टींना तेथे फारसे काम उरत नाही.

थळ घाटात नेमके याच्या उलट आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे मराठी मुलखात ‘जीआयपी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या कंपनीची, पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. परंतु त्यापुढे देशावर जायचे तर सह्याद्री ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी दोन वाटा निवडल्या, पुण्याकडे जाणारा बोरघाट आणि नाशिककडे जाणारा थळ घाट. कसाऱ्यापर्यंतचा मार्ग 1861 च्या प्रारंभी खुला झाला आणि त्याच वर्षी घाटमाथ्यावर इगतपुरीच्या पुढे नाशिककडे जाणारा मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र पूर्ण व्हायचा होता, म्हणजे काही वर्षे या मार्गाची दोन टोके डोंगराच्या दोन अंगांना तयार होती आणि प्रवाशांना व मालाला मधला टप्पा सडकेने पार करावा लागत होता. कसारा ते इगतपुरी हा दुवा 1 जानेवारी 1865 रोजी जोडला गेला. बर्कली 1862 साली इंग्लंडमध्ये निवर्तले होते; आपली दोन्ही घाटांची कामे पुरी झालेली त्यांना पाहता आली नाहीत.

या पंधरा किलोमीटरांच्या चढाची काही मापे नोंदवण्याजोगी आहेत. या अंतरात मार्ग 972 फूट, म्हणजे सुमारे 296 मीटर उंची गाठतो. याचा अर्थ सरासरी चढ पन्नासात एक इतका पडतो, आणि सर्वांत कठीण जागी तो सदतिसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा आहे. मूळ मार्गात तेरा बोगदे आणि सहा दरीपूल होते. त्यांतील एहेगावचा दरीपूल जवळजवळ अडीचशे यार्ड लांब आणि दरीच्या तळापासून सुमारे 180 फूट उंच. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू न देता जितका चढ चढू शकते त्याच्या मर्यादेजवळ जाणारा हा आराखडा होता, आणि बर्कली यांनी तो पत्करला यामागे कंपनीच्या पैशाचा हिशेब उघड दिसतो: चढ सौम्य करायचा तर मार्ग लांबवावा लागला असता, बोगदे वाढले असते आणि बांधकामाची वर्षेही. बोरघाटाप्रमाणे येथेही आरंभी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते, म्हणजे अशी जागा की जेथे डोंगरकडेमुळे वळण घेणे शक्य नसल्याने गाडी थेट कड्याशी थांबे आणि इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने पुढचा चढ चढे. नवा मार्ग आखल्यावर ही युक्ती सोडून देण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या खेळातील हिसात्सु मार्गावर ओकोबा स्थानकाशी हाच प्रकार आहे, आणि तेथे गाडी थांबवून दिशा बदलताना खेळणाऱ्याची जी त्रेधा उडते, ती पाहून एकोणिसाव्या शतकातील थळ घाटाच्या कामकाजाची पुसट कल्पना येते.

मार्ग कसा चालवला जातो, हे मार्ग कसा बांधला गेला याइतकेच महत्त्वाचे असते. थळ घाटात चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. ती इगतपुरीपर्यंत ढकलत येतात, तेथे सुटतात आणि पुन्हा खाली उतरतात. पुढच्या इंजिनाने कमी किंवा जास्त ओढ घेतली की जोडणीवर भलताच ताण येतो, म्हणून पुढचा चालक आणि मागचा चालक यांना एकमेकांना न पाहता ताळमेळ ठेवावा लागतो आणि त्यासाठी भोंग्याच्या ठरलेल्या खुणा वापरात आहेत. उतरणाऱ्या गाडीची कथा निराळी. तिला इगतपुरीला थांबवून ब्रेक सर्व डब्यांपर्यंत पोचतो का, याची तपासणी करतात, आणि घाटात मुख्य मार्गालगत ‘कॅच सायडिंग’ ठेवलेल्या असतात. कॅच सायडिंग म्हणजे डोंगराच्या बाजूला चढत जाणारा, बंद टोकाचा छोटा रूळमार्ग. सांधे, म्हणजे रूळ बदलणारी कळ, एरवी या बंद मार्गाकडेच वळवलेले असतात आणि गाडी सिग्नलशी थांबली, चालकाचा ताबा सिद्ध झाला, तेव्हाच मुख्य मार्ग खुला होतो. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाऊन जिरते. संगणकावर असे सांधे बसवणे कठीण नाही, पण रचणाऱ्याला हा नियम माहीत नसेल तर त्याच्या घाटात गाड्या सरळ सुटत जातात आणि जे दिसते ते घाटाचे चित्र असते, घाट नव्हे.

थळ घाटाच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट विजेने घडवला. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी 1500 व्होल्ट एकदिश दाबावर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, धावली. 1930 पर्यंत तारा इगतपुरीला पोचल्या आणि ठाकुर्लीजवळील चोळा येथील रेल्वेच्या स्वतःच्या वीजगृहातून घाटाला वीज मिळू लागली. घाटासाठी जी मालगाडीची इंजिने मागवली, त्यांचा विद्युत भाग मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीचा होता. मधोमध उंच खोली, दोन्ही बाजूंना लांब नाके आणि चाकांना जोडणारे हलते दांडे अशी त्यांची घडण असल्याने रेल्वेतील माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यांची वर्गवारी डब्ल्यूसीजी-1 अशी झाली. या इंजिनांचा मोठा गुण असा की उतारावर त्यांच्या मोटारी जनित्राप्रमाणे काम करत आणि निर्माण झालेली वीज तारांत परत जाई, त्यामुळे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला अंशतः हात देई आणि ब्रेकच्या ठोकळ्यांची झीजही वाचे. वाफेच्या काळात घाटातील बोगद्यांत साचणारा धूर आणि वाटेत पाणी भरण्याची खोटी या दोन कटकटीही त्यामुळे संपल्या.

नेदरलँड्सशी थळ घाटाचा खराखुरा दुवा येथे सापडतो. त्या देशानेही 1920 च्या दशकात मुख्य मार्गांसाठी 1500 व्होल्ट एकदिश दाबच निवडला आणि 1927 पर्यंत ॲमस्टरडॅम ते रॉटरडॅम हा जुना मार्ग त्याच पद्धतीने विद्युतीकृत झाला. दुसऱ्या महायुद्धात तेथील रेल्वेची फार हानी झाली, तेव्हा इंग्लंडने याच दाबावर चालणारे, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सच्या यंत्रणेचे एक इंजिन 1947 पासून काही वर्षे उसने दिले. डच मंडळींनी त्याचे नाव ‘टॉमी’ ठेवले. पुढे 1969 साली त्याच परंपरेतील सात इंजिने डच रेल्वेने इंग्लंडकडून विकत घेतली. तात्पर्य, आज एखाद्या डच मार्गावर खेळणारा ज्या दाबाची वीज वापरतो, त्याच दाबावर थळ घाट जवळपास पाऊणशे वर्षे चालला. डच रेल्वेने ती पद्धत आजवर टिकवली. मध्य रेल्वेने ती टप्प्याटप्प्याने सोडली.

ती सोडण्याची कारणेही घाटातच होती. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात 25 हजार व्होल्ट प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेची यंत्रणा आली आणि इगतपुरी हे दोन विजांच्या सीमेवरचे स्थानक बनले. तेथे बहुतेक गाड्यांचे इंजिन बदलावे लागे. ते टाळण्यासाठी 1990 च्या दशकात दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आली. या शतकाच्या पहिल्या दशकात घाट प्रत्यावर्ती विजेवर गेला आणि 2016 पर्यंत मुंबईच्या लोकल मार्गांवरूनही एकदिश वीज हटली. खेकड्यांची पिढी त्याआधीच निवृत्त झाली होती.

आता पडद्यावरच्या घाटाकडे. असे मार्ग रचणारे हौशी लोक जमिनीची उंची बहुधा उपग्रहीय आकडेवारीतून घेतात, आणि त्यांतील सर्वांत सर्रास वापरली जाणारी आकडेवारी फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने केलेल्या रडार पाहणीची आहे. तिची दीर्घ काळ उपलब्ध असलेली आवृत्ती साधारण नव्वद मीटरांच्या चौकटीने जमीन मोजते, आणि नेदरलँड्सच्या सपाटीवर ती पुरेशी ठरते, कारण तेथे नव्वद मीटरांत काही बदलतच नाही. एहेगावच्या दरीची गोष्ट वेगळी. अडीचशे यार्ड म्हणजे सुमारे सव्वादोनशे मीटर, आणि त्यावर अशा चौकटी दोन-तीनच बसतात; परिणामी दरीचा तळ उथळ दिसतो, कडे उताराचे होतात, आणि सुमारे 180 फूट उंचीचे खांब जमिनीत घुसतात किंवा हवेत लटकतात. मग रचणाऱ्याला दरी हाताने खोदावी लागते. बोगद्यांचे दुखणे याहून वाईट, कारण उपग्रहाला डोंगरमाथा दिसतो, त्यातून आरपार गेलेले भोक दिसत नाही. चढाचा दाखला म्हणून रुळालगतच्या लहान पाट्या आणि रेल्वेचे छापील आराखडे हेच खात्रीचे आधार उरतात, आणि त्यांवर नोंदलेले आकडे बर्कली यांच्या काळात ठरलेल्या आखणीच्या वळणावरच गेलेले आढळतात. नुसती उंची जुळवून चढ काढणारा रचनाकार सरासरीच्या पन्नासात एकवर समाधान मानतो, आणि सदतिसात एकच्या जागी जे इंजिन अडखळायला हवे ते त्याच्या घाटात डौलाने निघून जाते.

याहून अवघड प्रश्न वर्षाचा. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबई ते साईनगर शिर्डी ही वंदे भारत गाडी बँकरशिवायच घाट चढते, कारण तिच्या बऱ्याच डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत. त्या वर्षाचा घाट रचला तर कसाऱ्याला मागचे इंजिन जोडण्याचा सोहळा या गाडीपुरता वगळावा लागेल, मालगाड्यांना मात्र लागेलच. 1975 निवडले तर त्या वर्षी सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस आणि इगतपुरीला विजेच्या सीमेवर बदलली जाणारी इंजिने दाखवावी लागतील. 1930 निवडले तर काम नाशिक रोडपर्यंत वाढते. हे स्थानक मूळ शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर पडल्यामुळे 1889 साली मेन रोडवरील जुन्या नगरपालिका इमारतीपासून स्थानकापर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवर घोड्यांच्या ट्रामची सोय झाली होती, आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. तेव्हा विजेच्या इंजिनाने इगतपुरीपर्यंत आलेला, तेथे वाफेच्या इंजिनामागे पुढे निघालेला आणि नाशिक रोडला उतरून ट्रामने शहरात शिरणारा प्रवासी, ही तिन्ही वाहने एकत्र दिसतील अशी वर्षे तीन-चारच भरतात; रचणाऱ्याने वर्ष थोडे पुढे नेले तर स्थानकाबाहेरची ट्राम त्याला काढून टाकावी लागेल.