मागावरचं गाव

१९०४

इचलकरंजीतल्या आपल्या घरात तुम्ही हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहात. लुगडं निम्मं विणून झालंय. घोरपड्यांच्या जहागिरीचं हे गाव. वाड्यावर जहागीरदार नारायणराव बाबासाहेब, पलीकडे पंचगंगा. दारावरून जाणारा शेजारी हाक मारतो, "विठ्ठलराव दातारांनी यंत्राचा माग आणलाय म्हणं, चला बघायला." तुम्ही जाता. धोटा हाताशिवाय धावताना बघून माणसं हरखतात, तुमच्या पोटात मात्र गोळा येतो. या यंत्रापुढे आपल्या हाताला काम उरणार का?

१९७४

आता तुम्ही जत तालुक्यातले शेतकरी आहात. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकावे लागले. मिरजेहून एसटीने इचलकरंजीत उतरता. कुठलंही गिरणीचं धुराडं शोधू नका. गिरणी इथे गल्लोगल्ली पसरली आहे. पुढच्या सोप्यात चार-सहा माग, मागच्या खोलीत मालकाचा संसार. मालक स्वतःही मागावर उभा असतो. जमीन पायाखाली थरथरते.

मागांची देखभाल करणारा जॉबर कानाजवळ तोंड आणून ओरडतो, "नवा हाईस न्हवं? धोट्यापास्नं हात लांब ठेव. कांडी सपली की लगीच दुसरी घालायची." दोन दिवसांत तुम्ही खुणांनी बोलायला शिकता, कारण शब्द ऐकूच येत नाहीत. सुताचे तंतू भुवयांवर बसतात, नाकात जातात. मजुरी महिन्यावर नाही, विणलेल्या मीटरवर. इंचात आडवे धागे किती, म्हणजे पीक किती, त्यावर दर ठरतो. वीज गेली की माग थांबतो आणि तुमची कमाईही. कोपऱ्यात बायका कांड्या भरत बसलेल्या असतात. त्यांच्या हातची कांडी वेळेवर आली नाही, तर सगळेच माग मुके होतील.

रात्री खानावळीत भाकरी मोडताना डावीकडचा कानडीत बोलतो, उजवीकडचा तेलुगूत. तुम्हाला जतमुळे कानडी येतं, त्यामुळे ओळख लगेच होते. कोष्टी, साळी, पद्मशाली, मोमीन, जैन, लिंगायत, मराठा, दलित असे सगळे याच आवाजात पोट भरतात. मारवाडी पेढीवरून सूत येतं, कापड तिकडेच जातं. मधल्या विणाईची मजुरी घेणारा मागवाला इथे खर्चीवाला म्हणून ओळखला जातो. सुतासाठी परक्याच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून इथल्या मागवाल्यांनी सहकारातून डेक्कन सूतगिरणीही उभी केली आहे.

याच वर्षी गावात मराठी साहित्य संमेलन भरतं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. पाळी संपवून तुम्ही मांडवाच्या कडेला उभे राहता. कानात माग अजून घुमतोय, तरी तुम्ही ऐकत राहता. कष्टाच्या गावाला साहित्याचं वावडं नसतं.

२०२२

या वेळी तुम्ही बिहारमधून आलेले विशीतले तरुण आहात. इचलकरंजी आता महानगरपालिका झाली आहे. १९७१ साली लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २,८७,३५३ भरली. नव्या शेडमध्ये बिनधोट्याचे माग आहेत, तिथे कापड झपाट्याने निघतं. शेजारच्या गल्लीतले जुने माग भंगारात चाललेत. ज्या सोप्यात जतच्या माणसाने हयात काढली, तिथे आज कुलूप आहे. त्याचा नातू शिकून पुण्याला गेला. त्याच्या जागी तुम्ही आला आहात. पाळी बारा तासांची, खोलीत सहाजण, आणि महिन्याच्या शेवटी गावाकडे पैसे.

एकोणीसशे चारच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. यंत्राने हात बेकार केले नाहीत, हजारो नवे हात गावात आणले. पण त्या हातांचं म्हातारपण, आजारपण, कानांचं बहिरेपण यांची जबाबदारी धड कुणी उचलली नाही. यंत्रमाग कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ ही इथली फार जुनी मागणी आहे. देशाला कापड पुरवणाऱ्या गावाने ती पुन्हापुन्हा का करावी? मालक, व्यापारी आणि सरकार या तिघांनी मिळून निवृत्तिवेतन, दवाखाना आणि राहायला घर एवढं तरी पक्कं करावं. आलेला प्रत्येक माणूस या गावाचाच आहे, हे मान्य करण्याची सुरुवात तिथूनच होईल.