करवीरचे तिमाही पत्रक : १९०२ च्या हुकुमातील विसरलेले कलम

१/ २६ जुलै १९०२. कोल्हापूर संस्थानाने आपल्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच हुकुमाने प्रत्येक खातेप्रमुखावर एक कारकुनी कामही सोपवले होते. ते मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या कामाची आणि त्यामागच्या विचाराची ही हकिगत. #थ्रेड

२/ आरंभ आठ वर्षे आधीचा. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी राज्याधिकार हाती घेतले, तेव्हा ते विशीतही पोहोचले नव्हते. त्या वर्षीचे आकडे प्रसिद्ध आहेत : सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी, आणि ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १०.

३/ संस्थानाची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सुमारे ९ लाख १० हजार होती. तीत ब्राह्मणांचे प्रमाण अगदी अल्प. कर भरणारी, शेत कसणारी, पलटणीत जाणारी बहुसंख्य प्रजा कचेरीत केवळ अर्ज घेऊन येई. अर्ज वाचणारा, शेरा मारणारा आणि निकाल देणारा दुसऱ्याच समाजातला असे.

४/ या विषमतेचे कारण कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यात शोधून सापडणार नाही. नेमणुका ओळखीतून होत, ओळखी शिक्षणातून आणि नात्यागोत्यातून येत, आणि शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच साठलेले होते. लेखी नियम कोणालाही मज्जाव करत नव्हता. दार उघडेच होते. दारापर्यंतचा रस्ता नव्हता.

५/ महाराजांनी प्रथम एकेक माणूस निवडून पाहिला. १८९५ मध्ये भास्करराव जाधव या उच्चशिक्षित मराठा तरुणाला संस्थानच्या सेवेत घेतले. पुढे हेच भास्करराव मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. परंतु अशा तुरळक नेमणुकांनी ५०० कारकुनांची कचेरी बदलणे शक्य नव्हते. त्यासाठी नियम हवा होता.

६/ तो नियम निघाला तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेत होते. राजाच्या आजारपणामुळे तो समारंभ ऑगस्टवर गेला, आणि त्याच मुक्कामाच्या काळात ‘करवीर सरकारच्या गॅझेट’मधून हा हुकूम जाहीर झाला.

७/ हुकुमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व ‘मागासलेले’ अशी व्याख्या त्यात होती. राखीव ठरल्या त्या हुकुमानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के. नोकरीत असलेल्या कोणालाही काढून टाकायचे नव्हते.

८/ येथे एक गणिती अडचण होती. जागा निवृत्तीने किंवा मृत्यूनेच रिकामी होणार. त्यातली निम्मीच मागासलेल्यांना मिळणार. ज्या खात्यात पन्नासांत एकच ब्राह्मणेतर, तेथे या गतीने बदल दिसायला एक पिढी गेली असती. म्हणून दुसरे कलम होते : जेथे मागासलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची.

९/ आणि तिसरे कलम, ते विसरले गेलेले : हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारात सादर करायचे. सांगलीच्या वकिलाला पागेतले घोडे दाखवून महाराजांनी हे धोरण पटवले, ही आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. तिमाही पत्रकाला असा गोष्टीचा मान मिळाला नाही.

१०/ त्याचे महत्त्व मात्र मोठे. हुकूम अमलात आणणारे खातेप्रमुख प्रामुख्याने जुन्याच व्यवस्थेतले होते. ‘लायक उमेदवार मिळाला नाही’ हे उत्तर कोणालाही सोयीचे असते. वर्षाअखेरीस ऐकू आले असते तर उशीर झाला असता. दर तिमाहीला लेखी हिशेब मागितला की टाळाटाळ कागदावर उमटते, आणि कागदावर उमटलेली टाळाटाळ लपवणे अवघड जाते.

११/ पण लायक उमेदवार आणायचे कुठून, हा प्रश्न खोटा नव्हता. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शिकायचे तर राहायला जागा नाही, जेवायला सोय नाही. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी वसतिगृह उघडून पाहिले. त्याचा लाभ मुख्यत्वे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. प्रयोग फसला, हे मान्य करून महाराजांनी मार्ग बदलला.

१२/ १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग आले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. राखीव जागा आणि त्या भरणारी माणसे, दोन्हींची तजवीज एकाच वेळी चालली होती.

१३/ परिणाम काय झाला? १९१२ चा आकडा उपलब्ध आहे. प्रशासनातील ९५ जागांपैकी ३५ ब्राह्मणांकडे, उरलेल्या ६० इतरांकडे. म्हणजे अठरा वर्षांत ब्राह्मणेतरांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. ब्राह्मण अधिकारी ६० चे ३५ झाले. एकूण जागा वाढल्या, त्या बहुतांशी नव्या लोकांना मिळाल्या.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबू नये. ६० हा आकडा काय सांगत नाही, तेही विचारावे. ‘मागासलेले’ या एका शब्दात मराठा जमीनदार होता, लिंगायत व्यापारी होता आणि गावकुसाबाहेरचा महारही होता. ६० पैकी किती जागा सर्वांत खालच्या पायरीपर्यंत पोहोचल्या, हे या बेरजेतून कळत नाही.

१५/ ही उणीव केवळ तात्त्विक नव्हती. राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराज तेव्हा परगावी होते. मारणारे आणि मार खाणारा, १९०२ च्या व्याख्येप्रमाणे दोघेही ‘मागासलेल्या’ वर्गातलेच. नोकरी मिळाली होती, नोकरीतले माणूसपण मिळाले नव्हते.

१६/ महाराजांनी परतल्यावर अपराध्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला लावले. तेथे ते स्वतः चहा घेत, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. या प्रसंगातील धैर्य थोर खरे. पण राजाने दर हौदापाशी उभे राहणे शक्य नसते. तेथेही नियमच हवा होता.

१७/ तो १९१९ मध्ये आला. महसूल, न्याय व सर्वसाधारण खात्यांतील अधिकाऱ्यांनी सरकारी सेवेतल्या अस्पृश्य नोकरांना ममतेने व समतेने वागवावे; ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना निवृत्तिवेतन मिळणार नाही. कामाच्या ठिकाणची वागणूक हा येथे मर्जीचा विषय राहिला नाही, नोकरीची अट झाला.

१८/ १९०२ आणि १९१९ हे दोन हुकूम शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्याने विचारले, किती जण आत आले? दुसऱ्याने विचारले, आत आलेल्यांना कसे वागवले जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पत्रकात मावते. दुसऱ्याचे मावत नाही, म्हणून तेथे पत्रकाऐवजी निवृत्तिवेतन पणाला लावावे लागले.

१९/ पुढे भारतीय संविधानाच्या १६(४) अनुच्छेदाने राज्याच्या सेवेत ‘पुरेसे प्रतिनिधित्व’ नसलेल्या मागास वर्गांसाठी जागा राखण्यास मुभा दिली. पुरेसे की अपुरे, हे मोजल्यावाचून ठरत नाही. २००६ च्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणासाठी राज्याकडे मोजता येईल अशी माहिती मागितली. करवीरच्या खातेप्रमुखांकडे तशीच मागणी १०४ वर्षे आधी झाली होती.

२०/ ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. २६ जुलैला त्या हुकुमाचे स्मरण होते, पन्नास टक्क्यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. त्या दिवशी तिसरे कलमही वाचले जावे. आपला हुकूम आपल्याच कचेरीत अडू शकतो, हे ओळखून राजाने स्वतःच्या सरकारकडे दर तीन महिन्यांनी हिशेब मागितला होता.