महमूद गावान यांचा मदरसा : आपल्या शेजारचे जुने वसतिगृह

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात, खोली शोधतात, मेस लावतात. घर सोडून शिकायला जाण्याची ही रीत आपल्या मुलखात नवी नाही. उदगीरजवळच्या बिदरमध्ये साडेपाचशे वर्षांपूर्वी विद्यार्थी आणि उस्ताद एकाच छताखाली राहत होते. बिदर आज कर्नाटकात आहे; पण 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे हा वारसा आपलाही आहे.

बहमनी सल्तनतीचे वजीर ख्वाजा महमूद गावान मूळचे इराणच्या गिलानचे. 1472 मध्ये त्यांनी हा तीन मजली मदरसा उभारला. मधे मोठा चौक, भोवती उंच कमानी, मशीद, ग्रंथालय, वर्ग आणि राहण्याच्या खोल्या. दर्शनी भागावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत फरशा आणि त्यांत कुरआनच्या आयती. इथे धर्मशास्त्राबरोबर गणित, खगोलशास्त्र आणि तत्त्वज्ञानही शिकवले जाई. आज ‘मदरसा’ शब्द ऐकताच भुवया उंचावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

1481 मध्ये दरबारातील विरोधकांनी गावान यांच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार केले. सुलतान मुहम्मदशहा तिसरा याने शहानिशा न करता या वृद्ध वजिराला ठार मारविले. पुढे 1657 मध्ये बिदर औरंगजेबाने जिंकले. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत सैन्य आले, दारूगोळा आला. 1696 मध्ये वीज पडून स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. वीज निमित्त ठरली. जिथे पुस्तके हवीत तिथे बारूद ठेवली, हे खरे कारण.

1914 मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांच्या काळात बिदरच्या वास्तूंची डागडुजी झाली. 1947 मध्ये त्यांचा बिदरवरील ग्रंथ निघाला. आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. पडलेला मिनार पुन्हा बांधलेला नाही, आणि ते योग्यच आहे. नवा मिनार उभा केला असता, तर स्फोटाची खूण पुसली गेली असती.

भिंतींचे जतन सरकारी खाते करील. पण गावान यांनी खोल्या बांधल्या त्या दूरच्या मुलांना राहून शिकता यावे म्हणून. आज खोलीभाडे परवडत नाही म्हणून आपल्या तालुक्यातली किती मुले, विशेषतः मुली, दहावीनंतर घरीच बसतात? वारशाचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या जमातीने, वक्फच्या जबाबदारांनी, आधी त्यांच्यासाठी खोल्या बांधाव्यात.